औषधाच्या चिठ्ठीवर आलेली चैन

लोणावळ्याच्या किंवा अलिबागच्या भाड्याने मिळणाऱ्या बंगल्याची जाहिरात उघडली, की पोहण्याच्या तलावाच्या जोडीला आता ‘जकूझी’ दिसते. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी घरांना तर शेजारच्या परसात झाकण घालून ठेवलेला तो चौकोनी टब मुळीच नवा नाही. विकणारा सांगतो ते सगळीकडे सारखंच: सांधे मोकळे होतात, रक्तदाब उतरतो, साखर आटोक्यात येते, झोप चांगली लागते, आणि म्हणूनच लोक टब घेतात. यातल्या पहिल्या चार गोष्टींत बरंच तथ्य आहे. वाद आहे तो ‘म्हणूनच’शी. घरगुती गरम टबाचा गेल्या शंभरेक वर्षांचा इतिहास पाहिला तर तो घरात शिरला औषधाचं नाव सांगून, पण रुजला वेगळ्याच कारणांनी, असं दिसतं. पुढे संशोधकांनी त्याची बाजू घेतली ती ज्या गुणांसाठी, ते गुण दुकानदार ज्या भागांचे जास्त पैसे लावतो त्या भागांत फारसे नाहीतच. आरोग्य आणि लोकप्रियता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची मोट जाहिरातीने बांधली.

सुरुवात होते ती विमानांपासून. इटलीच्या ईशान्येकडच्या फ्रिउली भागातून जकूझी घराण्यातले सात भाऊ विसाव्या शतकाच्या आरंभी एकामागून एक कॅलिफोर्नियात आले. बर्कलीत १९१५ च्या सुमारास त्यांनी कारखाना घातला आणि विमानांचे लाकडी पंखे बनवायला घेतले. पुढे बंदिस्त केबिनचं एक विमानही त्यांनी उडवलं. १९२१ मध्ये ते कोसळलं, त्यात जोकोंदो हा भाऊ गेला, आणि घराण्याने विमानांचा नाद सोडला. राकेले हा त्यांच्यातला कल्पक भाऊ मग पाण्याच्या पंपांकडे वळला. त्याने घडवलेला पंप आपल्याकडे विहिरीवर आणि बोअरवर बसवतात त्या जेट पंपाच्याच कुळातला. थोडं पाणी दाबाने अरुंद तोटीतून सोडायचं. ते वेगाने बाहेर पडताना तोटीच्या तोंडाशी दाब घटतो आणि त्या ओढीने खालचं पाणी वर येतं. खोल विहिरींवर अवलंबून असलेल्या कॅलिफोर्नियाच्या बागायतदारांना असाच पंप हवा होता, आणि पुढची दोन-अडीच दशकं हे घराणं त्यांच्याच जिवावर चाललं. अंघोळीचा यात कुठे संबंधच नव्हता.

तो आला आजारपणातून. सगळ्यात धाकटा भाऊ कांदिदो. त्याचा मुलगा केनेथ १९४१ मध्ये जन्मला आणि सव्वा वर्षाचा असताना त्याला तापातून संधिवात जडला, तोही लहान मुलांचे सांधे कायमचे आखडून टाकणारा. बर्कलीच्या रुग्णालयात त्याला फिरत्या गरम पाण्याच्या हौदात ठेवून उपचार होत. तेवढा वेळ सांधे सैल होत, घरी आलं की पुन्हा कळा. पंप बनवणाऱ्या बापाला त्या हौदाचं यंत्र कोड्यात टाकणारं नव्हतं. चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस त्याने घरच्या साध्या बाथटबात सोडता येईल असा छोटा, उचलता येणारा पंप जुळवला. टब गरम पाण्याने भरायचा, पंप काठाला अडकवून पाण्यात सोडायचा, आणि तो टबातलंच पाणी खेचून त्यात हवा मिसळून जोराने परत फेकायचा. विहिरीतून पाणी ओढणारं तत्त्व इथे हवा ओढायला लावलं होतं, इतकाच फरक. १९५६ मध्ये हाच पंप ‘जे-३००’ या नावाने बाजारात आला. गिऱ्हाईक ठरलेलं होतं: रुग्णालयं, शाळांच्या क्रीडाशाळा, आणि घरात संधिवाताचा रुग्ण असलेली कुटुंबं.

कांदिदोने ज्या रुग्णालयातून ही कल्पना उचलली, तिथेही ती परंपरेनेच आली होती. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या लष्करी रुग्णालयांत जखमी सैनिकांचे हातपाय फिरत्या गरम पाण्यात बुडवून ठेवत. १९२० च्या दशकात अमेरिकेत हबर्ड टँक आला. अख्खा माणूस आडवा मावेल आणि हातपाय पसरू शकेल असा तो हौद असे. पोलिओने अधू झालेल्या फ्रँकलिन रूझवेल्टने जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्ज इथल्या गरम झऱ्यांची जागा १९२६ मध्ये विकत घेतली आणि तिथे पोलिओग्रस्तांचं उपचारकेंद्र उभं केलं. तो पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर जलोपचाराला अमेरिकेत जी प्रतिष्ठा मिळाली, ती कुठल्याही जाहिरातीने मिळाली नसती. यात लक्षात घ्यायची गोष्ट अशी, की या सगळ्या ठिकाणी पाणी हे व्यायामाचं साधन होतं. मानेपर्यंत पाण्यात उतरलेल्या माणसाचं जाणवणारं वजन जेमतेम दशांश उरतं. जमिनीवर जो पाय उचलता येत नाही तो पाण्यात हलवता येतो, आणि शेजारी उभा असलेला प्रशिक्षित माणूस तो हलवून घेतो. घरी नेलेल्या टबात गरम पाणी आलं, पंप आला. हा माणूस मात्र रुग्णालयातच राहिला.

औषधापासून चैनीपर्यंतचा प्रवास त्याच पन्नाशीच्या दशकात सुरू झालेला दिसतो. त्या काळी अमेरिकन दूरचित्रवाणीवर ‘क्वीन फॉर अ डे’ नावाचा कार्यक्रम लोकप्रिय होता. त्यात काही बायका आपापल्या संसाराचं रडगाणं प्रेक्षकांपुढे गात, जिच्यासाठी टाळ्या जास्त तिला त्या दिवसाची राणी ठरवून बक्षिसं देत. त्या बक्षिसांत जकूझींचा पंपही असे. संधिवाताच्या पोरासाठी केलेलं यंत्र थकलेल्या गृहिणीच्या हाती पडलं आणि रुग्णाची व्याख्या एकदम रुंदावली. १९६८ मध्ये तिसऱ्या पिढीच्या रॉय जकूझीने पंप वेगळा न ठेवता तोट्या टबाच्या भिंतीतच बसवल्या आणि त्या टबाला ‘रोमन बाथ’ असं नाव दिलं. नावातच दवाखाना संपला होता. पुढच्या काही वर्षांत चार-सहा माणसं बसतील असे मोठे टब आले, त्यांत पाणी तापतं ठेवणारा हीटर आणि गाळणारी यंत्रणाही आली. घराण्याने १९७९ मध्ये कंपनी विकली तेव्हा तिची किंमत सुमारे ७ कोटी डॉलर आली. एवढे पैसे संधिवाताच्या रुग्णांकडून आले असतील, हे कुणीही मान्य करणार नाही.

याच सुमारास कॅलिफोर्नियातच एक दुसरा प्रवाह वाहत होता, आणि त्याला जकूझींशी काही देणंघेणं नव्हतं. सांता बार्बरा आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेचा मरिन परगणा इथे साठीच्या दशकात काही हौशी मंडळींनी वाइन मुरवायची जुनी लाकडी पिंपं अंगणात आणून गरम पाण्याने भरली. रेडवूडच्या उभ्या फळ्या, भोवती लोखंडी पट्ट्या. खिळा नाही की डिंक नाही. पाणी भरलं की लाकूड फुगतं आणि फटी आपोआप मिटतात. मात्र पिंप आठ दिवस रिकामं राहिलं की फळ्या आकसून सगळीकडून गळायला लागतं, म्हणून ते कायम भरलेलंच ठेवावं लागे. पाणी तापवायला पोहण्याच्या तलावाचा जुना हीटर जोडत. लाकडाच्या रंध्रांत जंतू ठाण मांडून बसत, क्लोरिन टाकलं तर लाकूड झिजे, त्यामुळे सत्तरीच्या दशकात फायबरग्लास आणि पुढे ॲक्रिलिकच्या साच्यातल्या टबांनी या पिंपांना बाजारातून हुसकावलं. पण टबात चारचौघांनी एकत्र बसायचं, रात्री बसायचं, गप्पा मारायच्या, हा रिवाज पिंपांचाच. १९७८ मध्ये एनबीसी वाहिनीने मरिनच्या सुखवस्तू राहणीवर एक माहितीपट केला आणि हॉट टब त्या राहणीचं बोधचिन्ह होऊन बसला. त्याची छाप इतकी टिकली, की माजी राष्ट्राध्यक्ष थोरल्या बुश यांनी २००२ मध्ये तालिबानला जाऊन मिळालेल्या एका कॅलिफोर्नियन तरुणाला मरिनचा वाट चुकलेला हॉट टबवाला म्हटलं आणि मग मरिनकरांची माफी मागितली. संधिवाताच्या उपकरणावरून कुणी कुणाला असा टोमणा मारत नाही.

यावर कुणी म्हणेल, की हा अमेरिकेचा दोष. तिथे प्रत्येक गोष्टीचा बाजार होतो. म्हणून तपासणीसाठी जपान घ्यावा, कारण गरम पाण्यात मानेपर्यंत बसण्याची सवय तिथे कुठल्याही कंपनीच्या आधीची आहे. जपानी घरात अंघोळ म्हणजे आधी बाहेर चौरंगावर बसून साबणाने अंग स्वच्छ धुवायचं, आणि मग निव्वळ शेकण्यासाठी पाण्यात उतरायचं. तेच पाणी मग घरातला प्रत्येक जण आळीपाळीने वापरतो. खेड्यात यासाठी लोखंडी कढई असे, तिच्याखाली थेट लाकडं पेटवत. १५९४ मध्ये कढईत घालून मारलेल्या इशिकावा गोएमोन या दरोडेखोराचं नाव या प्रकाराला पडलं. कढईचा तळ तापलेला, म्हणून पाण्यावर एक गोल फळी तरंगत ठेवत. तिच्यावर पाय देऊन तोल सांभाळत ती तळाशी दाबायची आणि तिच्यावरच बसायचं. इक्कू या लेखकाच्या एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या विनोदी प्रवासकथेत शहरी पाहुण्यांना ही युक्ती माहीत नसते; ते लाकडी खडावा घालून कढईत उतरतात आणि तिचा तळच फोडतात. शहरी माणसाला ही गोष्ट ठाऊक नसण्याचं कारण साधं होतं. एडोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, आगीच्या धास्तीमुळे आणि पाण्या-लाकडाच्या टंचाईमुळे घरी अंघोळीची सोय फार थोड्यांकडे होती. बाकी सगळे पैसे मोजून मोहल्ल्याच्या स्नानगृहात जात.

तिथे टब घरोघरी कधी गेला, हे आकड्यांतून स्पष्ट दिसतं. १९६३ च्या गृहगणनेत सुमारे ५९ टक्के घरांत स्वतःची न्हाणी होती. २००८ पर्यंत हे प्रमाण ९५ टक्क्यांच्या पुढे गेलं. उलट सार्वजनिक स्नानगृहं १९६८ च्या आसपास देशभरात १८ हजारांच्या घरात होती, ती आता २ हजारांच्याही खाली आली आहेत. या बदलामागे कुठलीही आरोग्यमोहीम नव्हती. युद्धानंतर घरांची टंचाई होती, १९५५ मध्ये जपान गृहनिर्माण महामंडळ स्थापन झालं, त्याने बांधलेल्या काँक्रीटच्या वसाहतींत प्रत्येक सदनिकेला स्वतःचा टब दिला. पाठोपाठ गॅस आला, नळ आला, बंद न्हाणीत धूर कोंडू न देणारे गॅस हीटर आले. लोक पूर्वीपासून रोज शेकायला जातच होते, आता घराबाहेर जायची गरज उरली नाही. म्हणजे इथेही टब घरात आला तो नळ, गॅस आणि मजूर-कारकुनांच्या घरबांधणीच्या वाटेने. आरोग्याचा हिशेब नंतर मांडला गेला, आणि तो मांडता आला याचं कारण हेच, की कोट्यवधी लोक आधीपासून रोज टबात बसत होते. घटनाक्रम जाहिरातीच्या नेमका उलटा आहे.

तो हिशेब मात्र दखल घेण्याजोगा आहे. २०२० मध्ये ‘हार्ट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३० हजारांहून अधिक मध्यमवयीन जपानी स्त्री-पुरुषांचा १९९० पासून जवळजवळ वीस वर्षं पाठपुरावा केला होता. आठवड्यातून दोनदा किंवा त्याहून कमी वेळा टबात बसणाऱ्यांच्या तुलनेत रोज बसणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका २८ टक्क्यांनी आणि पक्षाघाताचा २६ टक्क्यांनी कमी आढळला. अमेरिकेत ओरेगन विद्यापीठाच्या २०१६ च्या प्रयोगात बैठ्या सवयीच्या तरुणांना आठ आठवडे, आठवड्याला चार-पाच वेळा साडेचाळीस अंशांच्या पाण्यात बसवलं, तेव्हा त्यांच्या रक्तवाहिन्या अधिक लवचिक झाल्या आणि रक्तदाबही थोडा उतरला. कोलोरॅडोच्या एका डॉक्टरने १९९९ मध्ये मधुमेहाच्या आठ रुग्णांना आठवड्यातले सहा दिवस अर्धा-अर्धा तास हॉट टबात बसवलं. तीन आठवड्यांत त्यांची उपाशीपोटीची साखर सरासरी १८२ वरून १५९ वर आली. कारणमीमांसाही पटण्याजोगी आहे. त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, पाण्याचा दाब पायांतलं रक्त छातीकडे ढकलतो, शरीराचं आतलं तापमान अंशा-दीड अंशाने चढतं आणि हृदयाला भरभर चालल्याइतकं काम पडतं. आठ रुग्णांच्या प्रयोगावर औषधयोजना उभी राहत नाही हे खरं. जपानी अभ्यासातही रोज अंघोळीला फुरसत असलेला माणूस मुळातच जरा बरा असू शकतो, हा संशय पुरता फिटत नाही. पण वेगवेगळ्या देशांतले, वेगवेगळ्या पद्धतीचे पुरावे एकाच दिशेला बोट दाखवतात तेव्हा ते झटकून टाकणंही शहाणपणाचं नाही.

आता या पुराव्यात काय आहे आणि काय नाही, हे पाहावं. जपानी टबात जेट नसतात. त्यात दिवे नसतात, मसाजाची खुर्ची नसते, पाणी खळखळत नाही. दोनेकशे लिटर पाणी असतं, त्यात माणूस गुडघे दुमडून गळ्यापर्यंत बसतो आणि काही मिनिटांनी उठतो. ओरेगनच्या प्रयोगातही किंमत होती ती उष्णतेची, खोलीची, वेळेची आणि नेमाची. तिथल्या तरुणांच्या शरीराचं तापमान साडेअडतीस अंशांवर चढवून तासभर तिथेच राखत. याला आराम म्हणायला जीभ धजावत नाही. ती शिक्षाच म्हणायची. शनिवारी संध्याकाळी मित्रांबरोबर वीस मिनिटं बसणाऱ्याला या प्रयोगाचा आधार घेता येणार नाही, जसा महिन्यातून एकदा टेकडी चढणाऱ्याला रोज चालण्यावरच्या संशोधनाचा घेता येत नाही. यावर विक्रेत्यांचा आक्षेप ठरलेला आहे: जेटने दुखणारी पाठ बरी वाटते, हे हजारो लोकांच्या अनुभवाचं आहे, ते काय खोटं? खोटं मुळीच नाही. मालिशीने स्नायू सैल होतात तसे ते जेटनेही होतात, आणि दुखणं तासभर कमी होणं ही संधिवाताच्या माणसासाठी छोटी गोष्ट नसते. पण दुखणं कमी वाटणं आणि रोग हटणं यांत अंतर आहे. ज्याच्यासाठी हे यंत्र जन्माला आलं त्या केनेथने पुढे शिक्षण घेतलं, काम केलं, वडिलांच्या या शोधावर पुस्तक लिहिलं. मात्र ते सगळं चाकाच्या खुर्चीत बसून. त्याच्या बापाने रोग बरा करण्याचा दावा केलाच नव्हता. तो पुढे माहितीपत्रकांनी केला.

औषध म्हणून मिरवायचं तर औषधाचे धोकेही सांगावे लागतात, आणि इथे इतिहास बोलका आहे. तापलेल्या पाण्यात मद्य पिऊन बसलेल्यांच्या मृत्यूंनंतर अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने १९७९ मध्ये पाण्याचं तापमान १०४ फॅरनहाइट, म्हणजे ४० अंश सेल्सिअसच्या वर नेऊ नये असा इशारा दिला. आजही बहुतेक टबांचं बटण तिथेच अडतं. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात गरोदरपणाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत हॉट टब वापरणाऱ्या स्त्रियांच्या बाळांत मेंदू-मणक्याच्या जन्मजात व्यंगाचं प्रमाण अधिक दिसलं. नेदरलँड्समधल्या बोव्हेनकार्स्पेल इथे १९९९ च्या फुलांच्या प्रदर्शनात विक्रीसाठी चालू करून ठेवलेल्या टबाच्या तुषारांतून लेजिओनेला जंतू पसरला. तीनशेहून अधिक लोक आजारी पडले आणि किमान ३२ दगावले. यातल्या बहुतेकांनी टबाला हातही लावला नव्हता. पाणी चाळीस अंशांवर असेल तर क्लोरिन झपाट्याने उडून जातं, आणि हजार-बाराशे लिटरच्या टबात चार माणसं म्हणजे पोहण्याच्या तलावाच्या मानाने प्रचंड गर्दी. शिवाय पाणी गाळून तेच तीन-तीन महिने वापरायचं असतं. पाणी उडवणारा जेट इथे उलट धोका वाढवतो, कारण जंतू श्वासातून फुप्फुसात जातात ते तुषारांवर बसूनच. साधा जपानी टब यातून सुटला तरी निर्धोक नाही. टोकियोच्या वार्धक्य संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०११ या एका वर्षात जपानमध्ये अंघोळीशी निगडित सुमारे १७ हजार मृत्यू झाले, त्या वर्षीच्या रस्ते अपघातांतल्या मृत्यूंच्या कितीतरी पट. मरणारे बहुतेक म्हातारे, तेही हिवाळ्यात. गारठलेल्या न्हाणीत कपडे काढताना रक्तदाब चढतो, गरम पाण्यात एकदम पडतो, शुद्ध हरपते आणि माणूस बुडतो. म्हणून तिथली ग्राहक व्यवहार संस्था सांगते, की न्हाणी आधी ऊबदार करा, पाणी ४१ अंशांच्या आत ठेवा, दहा मिनिटांत उठा, आणि जेवून किंवा पिऊन लगेच उतरू नका.

ही सावधगिरी आपल्याला ओळखीची वाटावी. चरकाने घाम काढण्याचे जे तेरा प्रकार सांगितले आहेत त्यांत अवगाह, म्हणजे गरम काढ्याने किंवा तेल-दुधाने भरलेल्या द्रोणीत बसणं, हा एक आहे. आणि कुणाला घाम काढू नये याची लांबलचक यादीही तिथेच आहे. कढत पाणी कमरेखाली बळ देतं, डोक्यावर मात्र डोळ्यांना आणि केसांना अपाय करतं, असं वाग्भटाचं मत. जेवल्यावर न्हाऊ नये, हेही त्याचंच. पण ही चिकित्सा होती, वैद्याच्या देखरेखीची. रोजच्या मराठी अंघोळीत तांब्याच्या बंबातलं पाणी घंगाळात विसणायचं आणि तांब्याने अंगावर घ्यायचं, बुडायचं कुठेच नाही. एकाने वापरलेलं साचलेलं पाणी दुसऱ्याने घेणं आपल्याला ओवळं वाटतं. हाच प्रश्न जपान्यांनी आधी बाहेर अंग धुऊन सोडवला, अमेरिकनांनी क्लोरिन टाकून. आपण पाणी वाहतं ठेवून सोडवला. बुडून शेकायचं झालं तर माणूस देवस्थानी जाई: तानसेच्या काठी वज्रेश्वरी, गणेशपुरी, अकलोली, खाली कोकणात उन्हवरे, तुरळ, राजवाडी. खरूज-नायट्याने आणि संधिवाताने पिडलेले लोक तिथल्या कुंडांत पिढ्यानपिढ्या उतरत आले, आणि ते श्रेय त्यांनी गंधकापेक्षा देवाला जास्त दिलं. विसाव्या शतकात टब महाराष्ट्रात आला तोही औषधाच्याच चिठ्ठीवर. लुई कुहनेच्या जलोपचारावर गांधीजींचा विश्वास होता, पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात ते राहिले, आणि १९४६ मध्ये उरुळी कांचनला आश्रम सुरू झाला. तिथला कटिस्नानाचा टब बहुधा गार पाण्याचा, आणि चैनीशी त्याचं सात जन्मांचं वैर. तो घरोघरी काही गेला नाही, आणि यात माझ्या युक्तिवादाला आधारच मिळतो. निव्वळ औषध म्हणून आलेला टब दवाखान्याचा उंबरठा ओलांडत नाही.

तो ओलांडतो कधी, हे २०२० च्या टाळेबंदीत पुन्हा दिसलं. व्यायामशाळा, तलाव, हॉटेलं बंद. लोक घरात अडकलेले, सहलीचे पैसे शिल्लक. ब्रिटन-अमेरिकेत टबांची मागणी इतकी चढली, की गिऱ्हाइकांना महिनोन्‌महिने थांबावं लागलं, आणि हवा भरून फुगवायचे स्वस्त टब दुकानांतून संपले. त्या काळात कुणाचे सांधे एकाएकी जास्त दुखू लागले नव्हते. अंगणातल्या अंगणात सुट्टी साजरी करायची होती. यावरचा शेवटचा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो: कारण काही का असेना, माणूस गरम पाण्यात बसला की फायदा व्हायचा तो होणारच, मग हेतूची चौकशी कशाला? चौकशी यासाठी, की हेतूवर वापर ठरतो. औषध म्हणून घेणारा तापमान पाहतो, घड्याळ पाहतो, रोज बसतो, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारतो. मौज म्हणून घेणारा पाहुणे आले की बसतो, हातात पेला घेऊन बसतो, आणि हौस फिटली की पाण्यातला क्लोरिन तपासायचंही विसरतो. मौजेत गैर काही नाही. फक्त तिने जपानी हृदयविकाराच्या आकड्यांवर हक्क सांगू नये.

मराठी शहरी घरात हे गणित कसं बसेल, हाही प्रश्न आहेच. सदनिकेतला पंधरा-पंचवीस लिटरचा गीझर दोनशे लिटरचा टब भरायला पुरत नाही. बिल्डरने हौसेने बसवलेल्या कित्येक बाथटबांत आज कपडे भिजत पडलेले असतात. नळाचं पाणीच उन्हाळ्यात तिशीच्या घरात असतं, त्यामुळे गच्चीवरच्या टबाचा खरा मोसम महाबळेश्वरला असेल, मुंबईत नाही. हृदयासाठी, साखरेसाठी जे पुरावे वर आले ते गळ्यापर्यंत बुडण्याचे आहेत आणि ते बादलीला लावता येत नाहीत. झोपेची गोष्ट मात्र वेगळी आहे. २०१९ मध्ये टेक्सासच्या संशोधकांनी आधीच्या अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा निजण्याआधी एक-दोन तास चाळीस ते साडेबेचाळीस अंशांच्या पाण्याने अंघोळ केल्यास झोप सरासरी दहा मिनिटं लवकर लागते असं दिसलं. त्यासाठी टबच लागतो असं नाही, शॉवरही चालतो, आणि दहा मिनिटं पुरतात. त्वचेकडे आलेलं रक्त उष्णता बाहेर टाकतं, शरीराचं आतलं तापमान उतरू लागतं, आणि तो उतार झोपेला बोलावतो. तेवढ्यापुरतं काम कढत पाण्याची बादली आणि तांब्याही करू शकतो.